निर्बंध सैल झाल्यावर कंधारकरांचा प्रवास

कोरोनाच्या टाळेबंदीत कोणी प्रवास करायचा आणि कोणी नाही, हे नाक्यावरचा पोलीस ठरवत होता. निर्बंध सैल होत गेले तसा हा निर्णय घराघरात येऊन पडला. कोणी जायचे, कशाने जायचे, गाडीत कुठे बसायचे, परतल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांजवळ कधी बसायचे, हे सगळे आधी आदेशात ठरलेले असे. आता ते ज्याचे त्याने ठरवायचे होते. नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात हे ठरवण्याचे काम एसटीचे कंडक्टर, गावातल्या आशाताई, सेतू केंद्रावरचे ऑपरेटर आणि ऊसतोडीचे मुकादम यांच्या रोजच्या कामात मिसळून गेले. सुरक्षित प्रवासाच्या सूचना मुंबईहून निघत, पण त्या लागू करताना कुठे अडते आणि कशाने सुटते, हे या माणसांना आधी कळत होते.

कंधारला रेल्वे नाही. मोठे स्टेशन नांदेडचे, सुमारे पन्नास किलोमीटरवर. अवघड दुखणे असले की नांदेड नाहीतर लातूर गाठावे लागते. बारावीची आणि नीटची शिकवणी लातूरला, मजुरी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर किंवा पुणे, मुंबई, हैदराबादेत, आणि सोयरिकी उदगीरपलीकडे बीदरपर्यंत, देगलूरपलीकडे निजामाबादपर्यंत पसरलेल्या. त्यामुळे इथल्या माणसाचा कोणताही लांबचा प्रवास आधी एसटीने किंवा जीपने सुरू होतो. पुढची आगगाडी कितीही स्वच्छ असली तरी सगळा धोका या पहिल्या टप्प्यावर ठरतो.

निर्बंध उठण्याचा क्रम

मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात एसटीची प्रवासी वाहतूक थांबली. २२ मे २०२० पासून रेड झोन सोडून इतर भागांत जिल्ह्यांतर्गत गाड्या निम्म्या आसनांवर सुटू लागल्या. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर जाता येऊ लागले आणि एसटीच्या प्रवाशाला ई-पासची गरज उरली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला इतर वाहनांचाही ई-पास गेला. १८ सप्टेंबरपासून गाडी पूर्ण भरायला परवानगी मिळाली.

ही उतरण सरळ नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा जिल्ह्याच्या सीमा बंद केल्या. त्या वेळच्या आदेशात लांबच्या बसमधून उतरणाऱ्याच्या हातावर चौदा दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारण्याची तरतूद होती. ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची पद्धत आली. बाधित सापडण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर जिल्हा पहिल्या स्तरात. नांदेड आणि लातूर दोन्ही सुरुवातीला पहिल्या स्तरात होते. जूनच्या अखेरीस डेल्टा प्लसच्या धास्तीने राज्यातला एकही जिल्हा तिसऱ्या स्तरापेक्षा सैल ठेवायचा नाही असा निर्णय झाला आणि मोकळे झालेले जिल्हे पुन्हा आवळले गेले. १ एप्रिल २०२२ ला राज्याने निर्बंध मागे घेतले आणि मास्क ऐच्छिक झाला.

या चढउतारातून एक गोष्ट पक्की झाली: प्रवासाची तारीख ठरवताना परतीच्या तारखेचाही विचार करायचा. जाताना मोकळा असलेला जिल्हा येताना बंद असू शकतो. मार्च २०२० मध्ये नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आलेले पंजाबचे हजारो भाविक असेच अडकले. एप्रिलच्या अखेरीस त्यांना बसने परत नेले तेव्हा त्यांच्यापैकी बरेच जण पंजाबात पोहोचल्यावर बाधित निघाले. पुढे कंधारचे लोक लांब जाताना दोन गोष्टी बांधून घेऊ लागले: औषधे ठरल्यापेक्षा आठ-पंधरा दिवसांची जास्त, आणि जिथे जायचे तिथे वेळ पडली तर राहता येईल असे एक घर.

कोणी जायचे

तयारीची पहिली पायरी सामान बांधण्याची नसून माणूस निवडण्याची असते. दवाखान्याला जाताना पेशंटबरोबर चौघे निघण्याची रीत आहे. तिथे एकच, तोही धडधाकट आणि लस घेतलेला माणूस पाठवावा, हे आशाताईंना घरोघर समजावावे लागले. अंत्यविधी, लग्न, बारसे अशा प्रसंगी कोण गेले नाही तर रुसवा येईल, याचा हिशेब आजाराच्या हिशेबाहून भारी पडत असे. वडीलधाऱ्याने स्वतःच ‘मी येत नाही, फोन करतो’ म्हटले की घरातल्या बाकीच्यांची सुटका होई. म्हणून आशाताई सुनेशी किंवा मुलाशी बोलण्याऐवजी आधी म्हाताऱ्यांशी बोलत.

माणूस प्रवासाला योग्य आहे का, हे पाहण्याची साधने १५ सप्टेंबर २०२० पासून चाललेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेने गावात आणली: तापमापकाची बंदूक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल तर पुढे पाठवायचे, असा नियम होता. प्रत्यक्षात ते यंत्र चालवायला हात बसावा लागतो. नखाला मेंदी असली, भांडी घासून किंवा पहाटेच्या थंडीने बोट गार पडले असले की आकडा उगाच खाली येतो आणि घर घाबरते. सरावलेली आशाताई आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायला लावी, हात मांडीवर टेकवून ठेवायला सांगे, मेंदी नसलेले बोट निवडी आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट पाही. पन्नाशी-साठीच्या पुढच्यांना सहा मिनिटे अंगणात चालवून पुन्हा आकडा पाहिला जाई. तो तीन-चारने उतरला किंवा दम लागला, तर प्रवास रद्द आणि ग्रामीण रुग्णालय आधी.

लसीचे गणितही वेळेचे होते. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले, ज्येष्ठांना १ मार्चपासून, पंचेचाळिशीपुढच्या सर्वांना १ एप्रिलपासून. मे महिन्यात कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर बारा ते सोळा आठवडे झाले. दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस उलटल्यावरच लसीकरण पूर्ण धरले जाई. एप्रिलच्या अखेरीस पहिला डोस घेतलेला माणूस त्यामुळे ऑगस्टच्या आधी ‘पूर्ण’ होत नव्हता. दिवाळीनंतर कामाला बाहेर पडायचे असेल तर उन्हाळ्यातच सुई टोचून घ्यायला हवी, हे उलटे मोजून सांगितल्यावरच अनेक घरांत पटले.

कागद

या काळात प्रवाशाच्या पिशवीत कागद वाढले. ई-पास, लसीचे प्रमाणपत्र, नंतर दोन्ही डोस झालेल्यांसाठीचा युनिव्हर्सल पास, शेजारच्या राज्यात जायचे तर आरटीपीसीआरचा अहवाल. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकाने बहात्तर तासांच्या आतला अहवाल मागायला सुरुवात केली. बीदरकडे जाणाऱ्याचा नमुना देऊन अहवाल हाती येईपर्यंत त्यातला बराच वेळ निघून जाई. त्यामुळे आधी निघण्याचा वार ठरवायचा आणि मग चाचणीचा, हा क्रम मोडला की पैसे आणि दिवस दोन्ही वाया जात.

हे सारे मोबाईलवर मिळत असले तरी प्रत्येक हातात मोबाईल नव्हता. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर एका नंबरावर चार जणांचीच नोंद होत असे. घरात माणसे सात आणि मोबाईल एक, तर उरलेल्यांसाठी शेजाऱ्याचा नंबर लागे. मग ओटीपी शेजाऱ्याच्या फोनवर आणि शेजारी शेतात. आधारवरचे नाव आणि प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नसे. कुठे बापाचे नाव गळालेले, कुठे जन्माचे वर्ष वेगळे. सेतू केंद्रावर अशा दुरुस्त्यांसाठी रांग लागे. तिथल्या ऑपरेटरने शिकवलेला धडा सोपा होता: प्रमाणपत्र डाउनलोड करून छापून घ्यायचे, लॅमिनेशन करायचे, एक झेरॉक्स घरी ठेवायची, आणि हे काम निघायच्या आदल्या रात्री काढायचे नाही. लाइट गेलेली असते किंवा सर्व्हर बसलेला असतो.

रेल्वेचे नियम वेगळे होते. १ जून २०२० पासून काही गाड्या ‘विशेष’ म्हणून सुरू झाल्या, त्यांत नांदेड–अमृतसर सचखंड होती. सगळे डबे आरक्षित. वेटिंगच्या तिकिटावर चढता येत नसे. गाडीच्या दीड तास आधी स्टेशनात पोहोचायचे. चादर-ब्लँकेट मार्च २०२२ पर्यंत मिळत नव्हते. ज्येष्ठांची सवलतही मार्च २०२० मध्येच थांबली होती. स्टेशनवर जाऊन जनरलचे तिकीट काढायची सवय असलेल्या मजुराला हे सगळे नवे होते. आरक्षण करून देणे, डब्याचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देणे आणि पांघरूण बरोबर घ्यायची आठवण करणे, ही तयारी घरातल्या शिकल्या पोराच्या वाट्याला आली.

गाडी आणि कंडक्टर

गाडी सुरक्षित आहे का, हा प्रश्न नुसत्या विषाणूचा नव्हता. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबतात, रबरी नळ्या कडक होतात, ब्रेक पकडून बसतात. म्हणून डेपोत उभ्या गाड्याही ठरावीक दिवसांनी चालू करून थोड्या हलवाव्या लागत. पुन्हा रस्त्यावर आल्यावर आधी ब्रेक, मग टायर, मग फवारणी, हा मेकॅनिकचा क्रम बरोबरच होता. फवारणी नजरेला दिसते, ब्रेकची तपासणी दिसत नाही, त्यामुळे प्रवासी फक्त फवारणीची चौकशी करत.

निम्म्या आसनांचा नियम म्हणजे चव्वेचाळीस जागांच्या गाडीत बावीस माणसे आणि भाडे तेच. एका बाकावर एक, मागच्या बाकावर दुसऱ्या बाजूला एक, मधल्या जागांवर फुल्या. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरण्याची जुनी रीत मात्र फुली पाहत नाही. रुमाल फुलीवर पडला की तो उचलून मालकाला परत देण्याचे काम कंडक्टरचे, आणि त्यावरून होणारी हुज्जतही त्याचीच. नवराबायकोला वेगळे बसवायचे का, लेकुरवाळीचे मूल वेगळे मोजायचे का, याची उत्तरे आदेशात नव्हती. एका घरची माणसे एका बाकावर बसवून इतरांमधले अंतर राखावे, हा तोडगा कंडक्टरांनी आपापसांत काढला आणि तो शास्त्रालाही धरून होता: एका छपराखाली राहणाऱ्यांना गाडीत वेगळे करून काही हाती लागत नाही.

कंडक्टरच्या हातून दिवसभरात शेकडो नोटा जातात. चिकटलेल्या दोन नोटा सोडवायला बोट जिभेला लावायचे, ही सवय नोकरीच्या पहिल्या वर्षापासून अंगात मुरलेली. ती मोडण्यासाठी काहींनी पोस्टात आणि बँकेत असते तशी ओल्या स्पंजाची डबी बॅगेत ठेवली. काहींनी सुट्यांसाठी वेगळा कप्पा केला आणि प्रवाशालाच ‘मोजून सुटे द्या’ म्हणायला सुरुवात केली. तिकीट देताना मशीनवर वाकलेला कंडक्टर आणि बसलेला प्रवासी यांच्या तोंडांत वीतभर अंतर उरते. गाडीच्या आवाजात गावाचे नाव ऐकू येत नाही म्हणून प्रवासी नेमका तेव्हाच मास्क खाली ओढतो. गाडी सुटण्याआधी, इंजिन बंद असतानाच निम्मी तिकिटे उरकली तर हा प्रसंग कमी येतो. हे कोणत्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते, कामानेच शिकवले.

२०२१ मध्ये एसटीने सुमारे दहा हजार गाड्यांना विषाणूरोधक लेप देण्याचे ठरवले. दांड्यावर, आसनाच्या पाठीवर बसलेल्या जंतूंसाठी तो उपाय ठीक. पण तोवर हे स्पष्ट झाले होते की आजार मुख्यतः हवेतून पसरतो. त्या दृष्टीने खिडक्या उघड्या असलेली साधी लालपरी बंद काचांच्या वातानुकूलित गाडीपेक्षा बरी. पुढची एक आणि मागची एक, अशा समोरासमोरच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या तरी हवा खेळती राहते. पाऊस आला, थंडी पडली की सगळी गाडी काचा ओढून घेते. प्रवासाची खरी जोखीम तेव्हा वाढते. म्हणून थंडीत स्वेटर-शाल हीसुद्धा साथीच्या बचावाची वस्तू ठरते: अंगात ऊब असेल तर खिडकी उघडी ठेवायला माणूस तयार होतो.

२७ नोव्हेंबर २०२१ ला ओमायक्रॉनच्या पार्श्वभूमीवर राज्याने जे नियम काढले, त्यांत सार्वजनिक वाहनात पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच प्रवेश होता. चूक करणाऱ्या प्रवाशाला पाचशे रुपये दंड, चालक-वाहकालाही पाचशे. शिवाय त्यात स्पष्ट लिहिले होते की रुमालाला मास्क मानले जाणार नाही. गमछा, उपरणे, पदर यांवर निभावून नेणाऱ्या भागात हे कलम सगळ्यात जास्त वादाचे ठरले. कंडक्टरच्या बॅगेत जादा मास्क असले की वाद मिटे, नसले की गाडी फाट्यावर थांबून राही.

एसटी नसताना

निर्बंध सैल होत असतानाच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा राज्य शासनात विलीनीकरणासाठी संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नुकत्याच, ४ ऑक्टोबरला, ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या होत्या. पेठवडज, कुरुळा, बारूळ, फुलवळ अशा गावांतून कंधारला येणाऱ्या पोरांपुढे काळी-पिवळी, टमटम किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलीवर तिघे बसणे एवढेच पर्याय उरले. अंतराचे, आसनांचे सगळे नियम जीपच्या मागच्या फळीवर निरर्थक होतात. तिथे तीनच गोष्टी हातात राहतात: नाकावर नीट बसलेला मास्क, उघडी बाजू आणि कमी वेळ. पालकांनी महिन्याच्या बोलीवर एकच गाडी ठरवून रोज तीच मुले, तोच ड्रायव्हर ठेवला, तिथे जोखीम कमी झाली. अनोळखी गर्दीऐवजी ठरलेली टोळी असली की एखादा आजारी पडल्यास कोणाला कळवायचे, हेही माहीत असते.

वाटेतले खाणेपिणे

मास्क उतरतो तो खायच्या वेळी. गाडी ढाब्यावर थांबली की एका टेबलाभोवती अनोळखी सहा जण तोंड उघडून बसतात, आणि तासन् तास पाळलेला नियम दहा मिनिटांत वाया जातो. जुनी शिदोरी यासाठी उपयोगी पडली. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, आणि गाडीतून उतरून झाडाखाली खाता येते. पाणी घरचे, पेला स्वतःचा, साबणाचा तुकडा कागदात बांधलेला. सॅनिटायझरच्या बाटलीपेक्षा साबण स्वस्त आणि मातीने मळलेल्या हाताला जास्त लागू. मळक्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

टोळीचा प्रवास

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे ‘यंदा नको’ म्हणायची सोय नसते. पहिल्या टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे एक लाख एकतीस हजार मजुरांना एप्रिल २०२० मध्ये आरोग्य तपासणी करून गावी पोहोचवण्याची परवानगी राज्याने दिली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून पुढचा गळीत हंगाम सुरू झाला आणि तीच माणसे पुन्हा ट्रकमध्ये बसली.

ट्रकमध्ये माणसे, बैल, शेळ्या, धान्याची पोती, भांडी आणि पोरे एकत्र असतात. इथे अंतर राखणे अशक्य. पण वरून उघडी ताडपत्री आणि ओळखीची टोळी या दोन गोष्टी बाजूने असतात. जाणत्या मुकादमाची तयारी वेगळ्या प्रकारची असे. निघण्याआधी गावातच सगळ्यांचा ताप पाहणे, खोकणाऱ्या कोयत्याला, म्हणजे त्या जोडप्याला, दहा दिवस मागे ठेवून नंतर बोलावणे, गरोदर बाईचे कार्ड आणि लेकरांच्या लसीची पुस्तिका पोत्यात न टाकता हातपिशवीत घेणे, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आधीच मिळवणे. दुसरा मुद्दा सर्वांत अवघड होता. मागे राहिलेल्या जोडप्याची दहा दिवसांची मजुरी बुडते, आणि ती भरून देण्याची कसलीच सोय नव्हती. ज्या मुकादमाने ती उचलीत सांभाळून घेतली त्याच्याच टोळीत लोक खोकला सांगत. बाकी ठिकाणी तो लपवला जाई.

यात्रा, वारी, हज

गर्दीचा प्रवास सगळ्यात शेवटी मोकळा झाला. २०२० च्या आषाढीला मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ मध्ये दहा पालख्यांना प्रत्येकी दोन गाड्या आणि चाळीस वारकरी अशी मर्यादा होती. पायी वारी २०२२ मध्ये परत सुरू झाली. शेजारच्या लोहा तालुक्यातली माळेगावच्या खंडोबाची यात्रा दोन वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२२ मध्ये भरली. हजला २०२० आणि २०२१ मध्ये परदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंना परवानगीच नव्हती. २०२२ मध्ये पासष्ट वर्षांखालच्यांनाच, दोन डोस आणि बहात्तर तासांतला अहवाल असल्यावर जाता आले. भारतातून त्या वर्षी दहाच ठिकाणांहून विमाने होती, महाराष्ट्रात फक्त मुंबईहून. कंधारच्या यात्रेकरूला म्हणजे मुंबईपर्यंतचा प्रवास आणि चाचणीची वेळ हीच मोठी तयारी.

परतल्यावर

प्रवास घराच्या उंबरठ्यावर संपत नाही. लागण झाल्यावर लक्षणे साधारण दोन ते चौदा दिवसांत दिसतात, बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास. आल्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. खोली वेगळी नसलेल्या घरात आलेल्या माणसाने पाच-सात दिवस ओसरीवर किंवा शेतातल्या आखाड्यावर झोपणे, घरात वावरताना मास्क लावणे आणि म्हाताऱ्यांचे ताट दुसऱ्याने वाढणे, एवढे तरी करता येते. गाडी कोणत्या वेळची होती, हे तिकिटावर असते. ते तिकीट दोन आठवडे जपून ठेवले तर गरज पडल्यास आशाताईला शोध घेणे सोपे जाते.

निर्बंध उठल्यानंतर आदेशांपैकी बहुतेक कालबाह्य झाले. पास गेले, फुल्या पुसल्या, उभ्याने प्रवास पुन्हा सुरू झाला. तरी कामातून शिकलेल्या काही गोष्टींना मुदत नाही. ताप असलेल्याने प्रवास पुढे ढकलावा, भरलेल्या गाडीत खिडकी उघडी राहावी, खोकणाऱ्याने मास्क लावावा, औषधे परतीच्या दिवसापेक्षा जास्त असावीत आणि आजारामुळे मागे राहणाऱ्याची मजुरी बुडणार नाही याची तजवीज निघण्याआधी झालेली असावी. पहिल्या चार गोष्टी प्रवाशाच्या हातातल्या आहेत. पाचवी मुकादम, कारखाना आणि शासन यांच्या हातात आहे. ती होत नाही तोवर आजार लपवून गाडीत बसणारा माणूस प्रत्येक साथीत सापडणार.